पेपर घरबसल्या वाचता येतो, मग परिषदेला जायचंच कशाला?

कृष्णाकाठ | ९ मार्च
नमस्कार मंडळी. धागा जरा घरगुती आहे, पण इथे संशोधनातली बरीच माणसं आहेत म्हणून विचारते.

माझी लेक पुण्यात पीएचडी करतेय, तिसरं वर्ष. विषय हळदीची कंदकूज. आम्ही सांगलीकडचे, त्यामुळे हळद घरचीच. पावसाळ्यात सरीत पाणी साचलं की गड्डा मऊ पडतो, पानं कडेनं पिवळी होत वाळतात, झाड ओढलं की अलगद हातात येतं. ज्या पिथियम नावाच्या सूक्ष्मजीवामुळे हे होतं, त्यावर तिचं काम आहे. आता जुलैत पोर्तुगालला वनस्पतिरोगांची मोठी परिषद आहे आणि तिथे तिचं पोस्टर स्वीकारलं गेलंय. आनंद आहेच. पण विमान, राहणं, नोंदणी, व्हिसा, विमा असा हिशेब मांडला तर तो पावणेदोन लाखांपर्यंत जातोय. नोंदणीचे पैसे गाइडबाई प्रकल्पातून देणार, बाकीचे आमचे.

पैशांची तयारी आहे. पण तिच्या बाबांच्या प्रश्नाला मला उत्तर देता येत नाही. ते म्हणतात, "शोधनिबंध सगळे इंटरनेटवर मिळतात. एक कागद भिंतीला लावून त्याच्याशेजारी दोन तास उभं राहायचं, त्यासाठी एवढ्या लांब कशाला?" लेक म्हणते, "जावंच लागतं गं." का, ते तिलाही नीट सांगता येईना, कारण ती अजून एवढ्या मोठ्या परिषदेला गेलेलीच नाही. जे जाऊन आलेत त्यांनी सांगा. तिथे नेमकं काय होतं?

साखरझोप | ९ मार्च
पाठवा. कारणं बाकीचे सविस्तर लिहितीलच. लेकीचं मनापासून अभिनंदन!

घाटावरचा | ९ मार्च
ताई, अभिनंदन. मी रसायनशास्त्रातला, पंचवीस वर्षं परिषदा करतोय. आधी रीत सांगतो.

सहा-आठ महिने आधी आयोजक सारांश मागवतात. अडीचशे-तीनशे शब्दांत काम काय, हाती काय लागलं ते लिहायचं. समिती वाचते आणि ठरवते कोणाला व्याख्यान, कोणाला पोस्टर, कोणाला नकार. सकाळी सगळ्यांसाठी एक मोठं व्याख्यान असतं, मग पाच-सहा दालनांत एकाच वेळी सत्रं सुरू. बोलायला साधारण बारा मिनिटं आणि प्रश्नांना तीन. सत्राध्यक्ष घड्याळ धरून बसलेला असतो. संध्याकाळी पोस्टर.

तिच्या बाबांना सांगा, पोस्टर हा कमी दर्जाचा प्रकार अजिबात नाही. व्याख्यान शंभर जण ऐकतात आणि जेमतेम दोन प्रश्न येतात. पोस्टरपाशी दहा-बाराच माणसं थांबतात, पण ती त्याच विषयात बुडालेली असतात. आलेखावर बोट ठेवून विचारतात, "हा एक ठिपका बाहेर का गेलाय?" तुमच्या कामातली फट शोधणारी अशी दहा माणसं एका संध्याकाळी दुसरीकडे कुठे भेटणार?

दुसरं म्हणजे, छापलेल्या निबंधात फसलेले प्रयोग नसतात. मी एका अभिक्रियेवर आठ महिने घालवले होते, काही केल्या जमेना. एका परिषदेत चहाच्या रांगेत माझ्यापुढे उभ्या असलेल्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडेही होत नव्हती. विद्रावकात पाणी राहतं. दोनदा कोरडा करून घ्या." परत आलो, केलं, झालं. हे वाक्य कुठल्याही जर्नलात छापलेलं नव्हतं.

पुरणपोळीप्रेमी | ९ मार्च
सगळं ज्ञान चहाच्या रांगेतच मिळतं हे आमचे आजोबा पूर्वीपासून सांगत आले आहेत. :)
ताई, मेथीचे ठेपले आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर द्या.

शंकाकुशंका | १० मार्च
थोडा विरोधी सूर लावतो. घाटावरचा सर, तुमचा अनुभव खरा आहे, पण ते एक वाक्य ईमेलनं विचारता आलं असतं. भौतिकशास्त्रातले लोक १९९१ पासून, आणि त्यांच्यामागोमाग गणितातलेही, अर्काइव्ह नावाच्या संकेतस्थळावर निबंध छापून यायच्या आधीच टाकतात. करोनात अख्ख्या परिषदा पडद्यावर झाल्या. २०२० मध्ये मशीन लर्निंगची एक मोठी परिषद इथिओपियात आदिस अबाबाला व्हायची होती, ती पूर्ण ऑनलाइन झाली आणि कामं अडली नाहीत. हजारो माणसांनी विमानानं जायचं, तो धूर, तो खर्च, आणि गरीब देशातल्या मुलांनी आईबापांच्या पैशांनी जायचं, हे मला पटत नाही. ज्याच्याकडे पावणेदोन लाख नाहीत त्याच्या मुलीनं काय करायचं?

घाटावरचा | १० मार्च
शंकाकुशंका, शेवटचा प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. पण ईमेलबद्दल: मी त्या बाईंना ओळखत नव्हतो. त्यांचाही तोच प्रश्न आहे हे मला माहीत नव्हतं. पत्र कोणाला लिहिणार?

एक जुनी गोष्ट सांगतो, आमच्या विषयातली. १८६० साली रसायनशास्त्रात इतका गोंधळ होता की पाण्याचं सूत्र कोणी एचओ लिहायचं, कोणी एचटूओ. अणू कशाला म्हणायचं नि रेणू कशाला यावर एकमत नव्हतं. त्या सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूह गावी सव्वाशेच्या वर रसायनतज्ज्ञ तीन दिवस जमले. रसायनशास्त्राची ही पहिली आंतरराष्ट्रीय परिषद. तीन दिवस वाद झाला आणि ठराव काही झाला नाही. पण निघताना इटलीच्या कानित्सारोची एक पुस्तिका त्याच्या मित्रानं सगळ्यांच्या हातात दिली. अणुभार कसे काढायचे ते त्यात स्वच्छ मांडलेलं होतं. लोथार मायर या जर्मन रसायनतज्ज्ञानं ती वाचली आणि त्याच्या डोळ्यांवरचं झापड उतरलं. त्याच सभेत तरुण मेंडेलीव्ह बसला होता. पुढे १८६९ मध्ये त्यानं आवर्तसारणी मांडली.

त्या पुस्तिकेतला मजकूर दोन वर्षं आधीच छापून झालेला होता, हे विशेष. म्हणजे वाचायला उपलब्ध होताच. माणसं एका खोलीत आली तेव्हा तो वाचला गेला.

निळीशाई | १० मार्च
वा घाटावरचा! ही गोष्ट उद्या वर्गात सांगणार.

मी गणितातली. आमच्याकडे प्रयोगशाळा नाही, उपकरणं नाहीत, सारांशात सांगण्यासारखंही फार नसतं, तरी आम्ही जातो. जर्मनीतच ब्लॅक फॉरेस्टमध्ये ओबरवोल्फाख नावाची गणिताची संस्था आहे, १९४४ पासूनची. आठवडाभर पन्नासेक जण तिथेच राहतात. जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या नावाचा कापडी रुमाल असतो आणि तिथल्या बाया दर जेवणाला ते रुमाल बदलून ठेवतात. जिथे तुझा रुमाल तिथे तू बसायचं. मी पहिल्या रात्री ज्यांच्याशेजारी आले त्यांचं पुस्तक वाचून मी एमएस्सी झाले होते. माझ्या तोंडून शब्द फुटेना. त्यांनीच सूपचं भांडं पुढे केलं आणि विचारलं, "सध्या कुठे अडकलीयस?"

काय करतेस, असं नाही विचारलं. कुठे अडकलीयस, असं विचारलं. त्या प्रश्नावर मी पाऊण तास बोलले.

ताई, लेकीला हेच सांगा. कोणी भेटलं की आपलं यश सांगायच्या आधी आपण कुठे अडकलोय ते सांगायचं.

बायनरीभाऊ | १० मार्च
आमच्या संगणकशास्त्रात प्रकरण वेगळं आहे, ते नोंदवतो नाहीतर गैरसमज होईल. बाकीच्या शाखांत परिषदेत काम दाखवतात आणि मग जर्नलात छापतात. आमच्याकडे परिषद हेच छापणं. पूर्ण निबंध पाठवायचा, तीन-चार परीक्षक तपासतात, मोठ्या परिषदांत साधारण चारातला एक घेतला जातो. निबंध निवडला गेला की लेखकांपैकी एकानं तरी नोंदणी करावीच लागते. त्यामुळे "का जाता" याचं आमचं पहिलं उत्तर असं की न जाऊन सांगता कोणाला!

दुसरं उत्तर नोकरी. मला आत्ताची नोकरी पोस्टरपाशीच मिळाली. एक गृहस्थ वीस मिनिटं प्रश्न विचारत होते, जाताना कार्ड दिलं. ती वीस मिनिटं मुलाखत होती हे मला हॉटेलवर गेल्यावर कळलं. ताईंची लेक तिसऱ्या वर्षाला आहे म्हणजे दीड-दोन वर्षांत पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम, शोधणार. ज्यांनी चेहरा पाहिलाय, बोलणं ऐकलंय, त्यांना लिहिलेल्या पत्राला उत्तर येतं.

प्रा_तळमळ | ११ मार्च
मी मराठवाड्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. इथे सगळे युरोप-अमेरिकेच्या परिषदांवर बोलताहेत, म्हणून आमची बाजू मांडतो.

२०१० मध्ये यूजीसीनं प्राध्यापकांच्या बढतीसाठी एपीआय गुण आणले. परिषदेत निबंध वाचला की गुण, आंतरराष्ट्रीय असेल तर जास्त. मग गावोगाव परिषदा उगवल्या. परदेशातला एक पाहुणा आणला की झाली आंतरराष्ट्रीय. मी अशा एका परिषदेला गेलो होतो, गावाचं नाव सांगत नाही. उद्घाटन, दीपप्रज्वलन, सत्कार, शाली यांत दुपारचा एक वाजला. जेवणानंतर एका खोलीत अठ्ठावीस निबंध. प्रत्येकाला तीन मिनिटं. मी दोन वर्षं गावागावांत फिरून ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीची माहिती गोळा केली होती. दुसरं वाक्य संपेपर्यंत "सर, आटपा" आलं. चार वाजता सगळे प्रमाणपत्राच्या रांगेत. एकही प्रश्न कोणी विचारला नाही. परतीच्या एसटीत मला रडू यायचं बाकी होतं.

म्हणून सांगतो ताई, पावणेदोन लाख हा खर्च नाही. तिथे तिला कोणी प्रश्न विचारणार असेल तर जाऊ द्या.

निळीशाई | ११ मार्च
सर, तुमचं वाचून फार वाईट वाटलं. शाळागळतीचं ते काम इथे स्वतंत्र धाग्यात लिहाल का? आम्ही प्रश्न विचारू. खरंच.

मोडीवाचक | ११ मार्च
निळीशाईंना अनुमोदन. सर, लिहाच.

आणि परिषद आपल्या मातीत नवी नाही, हेही सांगावंसं वाटतं. अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेचं पहिलं अधिवेशन १९१९ साली पुण्यात भांडारकर संस्थेत भरलं, अध्यक्ष खुद्द रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १९३५ मध्ये इतिहास परिषदेचं पहिलं अधिवेशन पुण्यातच, भारत इतिहास संशोधक मंडळात. त्याही आधी १९१४ च्या जानेवारीत कलकत्त्याला भारतीय विज्ञान काँग्रेस सुरू झाली तेव्हा १०५ जण जमले होते आणि ३५ निबंध वाचले गेले. याच काँग्रेसचं १०८ वं अधिवेशन २०२३ मध्ये नागपूरला झालं.

१०५ माणसं आणि ३५ निबंध. हे प्रमाण मला फार आवडतं. प्रत्येक निबंध ऐकायला माणसं होती.

शंकाकुशंका | ११ मार्च
प्रा_तळमळ सरांच्या अनुभवानंतर मी माझं मत थोडं बदलतो. प्रश्न अंतराचा नाही, कोणी ऐकतं का याचा आहे. पण मग सावधगिरीचं एक सांगतो. "मान्यवर डॉक्टर, आपल्याला प्रमुख वक्ते म्हणून निमंत्रण" असं लिहिलेली पत्रं हल्ली विद्यार्थ्यांनाही येतात. एकाच हॉटेलात एकाच दिवशी दंतवैद्यक, नॅनोतंत्रज्ञान आणि मत्स्यशेती. पैसे घेतात, समितीत ज्यांची नावं टाकतात त्यांना पत्ताच नसतो. हैदराबादच्या अशाच एका प्रकाशन कंपनीविरुद्ध अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं खटला भरला आणि २०१९ मध्ये तिथल्या न्यायालयानं पाच कोटी डॉलरच्या वर रक्कम भरायला सांगितली. ताई, परिषद कोणत्या संघटनेची, दरवर्षी किंवा ठरावीक वर्षांनी भरते का, गाइडबाईंच्या ओळखीचं कोणी आधी गेलंय का, एवढं बघा.

कृष्णाकाठ | ११ मार्च
बघितलं. गाइडबाई स्वतः दोनदा जाऊन आल्यात. जुनी संघटना आहे.

तुम्ही सगळे इतकं मनापासून लिहिताय, मी रोज रात्री तिच्या बाबांना वाचून दाखवतेय. कार्ल्सरूहची गोष्ट त्यांना दोनदा वाचायला लावली. प्रा_तळमळ सर, तुमचं वाचल्यावर ते बराच वेळ गप्प होते.

पाटपाणी | १२ मार्च
राम राम. मी वाळवा तालुक्यातला, दोन एकर हळद हाय. गेल्या साली निम्मा प्लॉट कुजला. ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी सोडली, चर काढले, तरी गेला. मला एकच विचारायचं हाय. ही माणसं पोर्तुगालला जमून हळदीवर बोलणार, ते आमच्या बांधावर कधी येतं?

घाटावरचा | १२ मार्च
पाटपाणी दादा, या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुम्ही विचारलात. बहुतेक वेळा फार उशिरा येतं, आणि पुष्कळदा येतच नाही. यात आम्ही कमी पडतो. १९६६ पासून मराठी विज्ञान परिषद मराठीतून अधिवेशनं भरवते, ती याच तळमळीतून. पण अशी जागा प्रत्येक विषयाला मिळालेली नाही.

दूरदेशी | १३ मार्च
जीवशास्त्रातली आहे म्हणून एक उदाहरण. जेनिफर डाउडना आणि इमान्युएल शार्पाँतिये या दोघी २०११ मध्ये प्वेर्तो रिकोला सूक्ष्मजीवशास्त्राच्या परिषदेत पहिल्यांदा भेटल्या. एक अमेरिकेत काम करणारी, दुसरी तेव्हा स्वीडनमध्ये. जुन्या सान हुआनच्या गल्ल्यांतून चालत बोलल्या आणि एकत्र काम करायचं ठरलं. पुढच्या वर्षी जनुकं कापायच्या क्रिस्पर पद्धतीवरचा त्यांचा निबंध आला, २०२० मध्ये दोघींना रसायनशास्त्राचं नोबेल.

आता कामाचं. ताई, शेंगेन व्हिसाची वेळ आत्ताच घ्या, उन्हाळ्यात मिळत नाही. शुल्क ९० युरो, प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आयोजकांकडून निमंत्रणपत्र मागवा, त्यात पोस्टरचं शीर्षक असू द्या. माझा एकदा व्हिसा नाकारला गेला होता आणि माझं व्याख्यान दुसऱ्यानं वाचलं. तो दिवस आठवला की अजून पोटात तुटतं. शिवाय आयोजक संघटनेकडे विद्यार्थ्यांसाठी प्रवासमदत असते, अर्ज करा. आपल्याकडे संशोधनाला पैसे देणाऱ्या एएनआरएफ या सरकारी संस्थेची, म्हणजे पूर्वीच्या एसईआरबीची, अशी योजना आहे. मिळेलच असं नाही, पण न मागता कोणी देत नाही.

आणि पोस्टर कापडावर छापून घ्या. ए-झिरो आकार म्हणजे ८४ बाय ११९ सेंटिमीटर. कागदाची नळी विमानात सांभाळणं फार जिवावर येतं, कापड घडी करून साडीसारखं बॅगेत बसतं.

पुरणपोळीप्रेमी | १३ मार्च
कापडाच्या घडीत ठेपले ठेवू नयेत एवढंच सुचवतो. तेलाचा डाग नेमका मुख्य निष्कर्षावर येतो, आमच्या वहिनींचा आलाय.

बाळाचीआई | १४ मार्च
उशिरा आले. मी मुलगी सात महिन्यांची असताना परिषदेला गेले होते, आई बरोबर आली होती. आयोजकांनी दूध पाजायला एक खोली दिली होती, दारावर हातानं लिहिलेली पाटी. माझं पोस्टर सोडून मी दोनदा तिकडे गेले, तर शेजारच्या पोस्टरवाल्या कोरियन मुलीनं माझ्या पोस्टरपाशी आलेल्यांची नावं आणि प्रश्न कागदावर लिहून ठेवले. तिच्याबरोबर माझे पुढे दोन निबंध झाले. तो कागद मी जपून ठेवलाय.

(मूळ प्रश्नाशी संबंध थोडा लांबचा, पण लिहावंसं वाटलं.)

निळीशाई | १४ मार्च
लांबचा कुठे? हेच तर उत्तर आहे.

कृष्णाकाठ | १५ मार्च
व्हिसाची वेळ घेतली. संघटनेकडे मदतीचा अर्जही केला. बाबा स्वतः पुण्याला जाऊन कापडाचा नमुना बघून आले!

कृष्णाकाठ | २७ जुलै
धागा वर काढतेय. लेक काल परत आली. (संघटनेनं राहण्याचा खर्च दिला, दूरदेशी ताई, तुमच्यामुळे अर्ज झाला.)

तिच्याच तोंडचं सांगते. पहिला पाऊण तास पोस्टरपाशी कोणीच थांबलं नाही. शेजारी गव्हाच्या तांबेऱ्यावर काम करणारे होते, तिकडे गर्दी. हिला घशाशी आलं. मग नेपाळच्या एक बाई आल्या, आलं या पिकावर काम करणाऱ्या. आल्याची कंदकूजही पिथियमचीच. हिनं निळीशाईंचं ऐकलं आणि सरळ सांगितलं, "मी इथे अडकलेय. रोग दिसल्यावर मातीचे नमुने घेते, पण तो सरीत येतो कुठून ते कळत नाही." बाईंनी विचारलं, "पाणी तपासलंस का? लावणीच्या पाटाचं?" हिनं नव्हतं तपासलं. पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात, हे पुस्तकात तिनं शंभरदा वाचलेलं. त्या म्हणाल्या, जाळीच्या पिशवीत काकडीचे तुकडे घालून पाटात सोडायचे, दोन दिवसांनी काढायचे. पिथियम असला तर काकडीवर येतो आणि मग प्रयोगशाळेत वाढवता येतो. आमिषाची जुनी पद्धत आहे, हिलाही माहीत होती, पण पाटाच्या पाण्याला लावायचं सुचलं नव्हतं. मग दोघी जमिनीवर बसल्या आणि त्यांनी तिच्या वहीत पिशवी कशी बांधायची, किती खोल सोडायची ते चित्र काढून दिलं. जिवंत नमुने एकमेकींना पाठवायचे तर जैवविविधता कायद्याखाली परवानगी लागते, ती मिळेपर्यंत जनुकक्रम तेवढे जुळवून बघायचे ठरलंय.

बाबांनी वहीतलं ते चित्र बघितलं आणि चष्मा काढून पुसत बसले.

प्रा_तळमळ | २७ जुलै
ताई, डोळे भरून आले. लेकीला आशीर्वाद.

शंकाकुशंका | २७ जुलै
माझी शंका फिटली. खर्चाची नाही, पण जाण्याची फिटली.

पाटपाणी | २८ जुलै
ताई, आमच्या पाटाला कालपासून पाणी सुटलंय. प्लॉटच्या खालच्या अंगाला दोन झाडं पिवळी दिसायला लागलीत. पोरीला म्हणावं कवाबी ये, काकडी आमच्याच शेतातली हाय.

कृष्णाकाठ | २८ जुलै
दादा, शनिवारी सकाळी निघतो आम्ही तिघं. जाळीच्या पिशव्या मी आत्ता शिवायला घेतल्यात. पत्ता खासगी निरोपात कळवा.